माल व्हॉट्सॅपवर, डेबिट नोट मेलवर

भोसरी एमआयडीसीत आमचं छोटं मशीन शॉप आहे, मोठ्या कंपन्यांना धातूचे पार्ट कापून देतो. तीन सीएनसी, दोन व्हीएमसी, म्हणजे कंप्युटरवर चालणारी मशीनं, आणि एक जुनं रेडियल ड्रिल जे विकायचं विकायचं म्हणत अजून कोपऱ्यात उभंच आहे. मशीन नवरा बघतो, ऑफिस मी बघते. ऑफिस म्हणजे पीओ (परचेस ऑर्डर), चलान (मालासोबत जाणारा कागद), बिल, ई-वे बिल, जीएसटी, पेमेंटचा तगादा, आणि हे सगळं करताना दिवसभर एक डोळा मेलवर आणि एक व्हॉट्सॅपवर. लोक म्हणतात मेल आता कोण वापरतं, सगळं व्हॉट्सॅपवरच चालतं. चालतं हो, काम तिथेच चालतं, नाही कोण म्हणतंय. पण मोठी कंपनी कुठली गोष्ट व्हॉट्सॅपवर सांगते आणि कुठली मेलवर पाठवते हे जरा लक्ष देऊन बघा. उद्या काही बिनसलं तर कोणाच्या गळ्यात घालायचं हे तिथेच ठरलेलं असतं.

आमच्याच इनबॉक्सचं सांगते. मेलवर येणार काय, तर पीओ, तोही सिस्टिममधनं आपोआप सुटलेला, खाली लिहिलेलं की या मेलला रिप्लाय करू नका. मग महिन्याचं शेड्यूल. मग वेंडर रेटिंग, म्हणजे पुरवठादार म्हणून आमचे मार्क, ज्यात आम्ही कायम बी ग्रेड. मग रिजेक्शन रिपोर्ट, फोटोवर लाल गोल केलेला, आणि त्याच्या मागोमाग डेबिट नोट, म्हणजे आमच्या बिलातनं पैसे कापल्याचा कागद, सीसीमध्ये सहा-सात जण, त्यातले निम्मे कोण आहेत ते आम्हाला आजतागायत माहीत नाही. आणि व्हॉट्सॅपवर येणार काय? ड्रॉइंगमधला बदल. "मॅडम 200 नग अर्जंट लागतायत, पीओ येतोय, तुम्ही चलानवर पाठवा." "रेटचं बघू पुढच्या महिन्यात, आत्ता चालू द्या." "आज माल नाही आला तर लाइन थांबेल." आणि पेमेंट कधी, हे तर व्हॉट्सॅपवरही नाही, ते फक्त फोनवर, आणि तो फोनही आपणच करायचा. म्हणजे जे आमच्या अंगावर येऊ शकतं ते सगळं लेखी, आणि जे आमच्या कामाला येऊ शकतं ते तोंडी किंवा तोंडीच्या जवळपास. आता परचेसला बसलेला मुलगा हे ठरवून करतो असं मी म्हणत नाही, त्याच्या डोक्यावर त्याचा साहेब बसलेला असतो, प्लॅनिंगवाले ओरडत असतात, त्याला घाई असते म्हणून तो व्हॉट्सॅप करतो. पण डेबिट नोटची घाई असते तेव्हा तो व्हॉट्सॅप करत नाही ना, बस एवढंच माझं म्हणणं आहे.

ड्रॉइंगचं तर विचारूच नका. नियम असा की ड्रॉइंग बदललं की नवीन रिव्हिजन नंबर टाकून पीडीएफ मेलवर यायला पाहिजे, जुनी प्रिंट शॉपवरनं काढून घ्यायची, नवीनवर शिक्का मारून ती मशीनला लावायची. आयएसओचं ऑडिट असतं त्या दिवशी सगळे असंच बोलतात. प्रत्यक्षात येतो तो कंप्युटरच्या स्क्रीनचा मोबाइलवर काढलेला तिरका फोटो, त्यावर स्क्रीनच्या रेघा-रेघा उमटलेल्या, कोपऱ्यात कोणाचा तरी चहाचा कप, आणि खाली "सर बोर चेंज झालाय, बघून घ्या". बोर म्हणजे पार्टमधलं भोक. एकदा असाच फोटो आला, 20 मिमीचा बोर, पुढे एच, आणि एचच्या पुढचा आकडा सहा आहे का आठ ते काही केल्या कळेना. झूम केलं की नुसते चौकोन दिसायचे. ज्यांना यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, हा आकडा म्हणजे टॉलरन्स, मापात किती फरक चालतो ते. 20 एच8 म्हणजे बोर 20 च्या वर 33 मायक्रॉनपर्यंत (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग) गेला तरी चालतो, आणि 20 एच6 म्हणजे फक्त 13 मायक्रॉन. एच8 रीमर नावाचं हत्यार मारून निघतो. एच6 म्हटलं की होनिंग, म्हणजे आतनं बारीक घासणं, वेगळं गेज, प्रत्येक नग मोजायचा, म्हणजे रेटच वेगळा. मशीनवरचा मुलगा फोटो हातात घेऊन ऑफिसात आला, वहिनी सहा धरू का आठ. नवऱ्याने तिकडे फोन लावला तर उत्तर काय, "आठच असेल हो". असेल! 300 नगांचा माल "असेल" वर कापायचा? मी मेल टाकला की फोटोतलं टॉलरन्स वाचता येत नाहीये, रिव्हिजन नंबरसकट पीडीएफ पाठवा, ती येईपर्यंत जॉब थांबवलाय. "जॉब थांबवलाय" हे शब्द मेलमध्ये आणि सीसीत त्याचा साहेब, म्हटल्यावर संध्याकाळी पीडीएफ आली. आठच होता. पण तोपर्यंत मशीनवर दुसरं सेटिंग चढलं होतं, आणि सेटिंग बदलायचा वेळ कोण देणार, तो आमचाच.

तोच फोटो व्हॉट्सॅपवर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर दाबला जात नाही, जसाच्या तसा येतो. हे मी किती जणांना सांगितलंय याला गणती नाही, सगळे हो हो म्हणतात.

आणि माणूस नोकरी सोडून गेला की तर आनंदच. ज्याच्याशी दोन वर्षं सगळं बोलणं झालं तो एक दिवस ग्रुपमधनं "लेफ्ट", नंतर कळतं की चाकण सोडून गुजरातेत साणंदला गेला. नवीन येतो तो म्हणतो मला काही माहीत नाही, तुमच्याकडे काही लेखी आहे का. आहे की, व्हॉट्सॅप आहे. "ते नाही मॅडम, मेल आहे का?" मेल असेल तर तो त्याच्या कंपनीच्या सर्व्हरवरही असतो, जुन्या माणसाच्या साहेबाला सीसी असतो, शोधला तर सापडतो. व्हॉट्सॅप मात्र गेलेल्या माणसाच्या खिशात गेला. बरं आता डिलीट फॉर एव्हरीवन दोन दिवसांनंतरही करता येतं, पाठवल्यावर पाव तासात मेसेज एडिट करता येतो, आणि कोणी डिसअपिअरिंग चालू करून ठेवलं असेल तर 24 तासांत, सात दिवसांत किंवा 90 दिवसांत सगळं आपोआप साफ. घरगुती गप्पांना हे छानच आहे. ऑर्डरला?

अंगठ्याचं वेगळंच प्रकरण आहे. आपण लिहावं "सर रेट 4 रुपयांनी वाढवून धरलाय, या बिलापासून लावते", तिकडनं अंगठा. आता हा अंगठा म्हणजे मान्य, का वाचलं, का बघू, का नुसतं ठीक आहे चला? आपल्याकडे अंगठा म्हणजे एकेकाळी सावकाराच्या कागदावरची सही होती आणि त्यावर जमिनी गेल्या, मोबाइलवर मात्र अंगठ्याला काही किंमतच नाही असं मला वाटायचं. तर कॅनडात यावर खरोखर केस झाली. सस्कॅचेवान प्रांतातली गोष्ट, 2021 मध्ये धान्य घेणाऱ्या कंपनीच्या माणसाने एका शेतकऱ्याला जवस खरेदीच्या कराराचा फोटो मोबाइलवर पाठवला आणि लिहिलं की करार कन्फर्म करा, शेतकऱ्याने नुसता अंगठा पाठवला. माल द्यायची वेळ आली तोपर्यंत जवसाचे भाव चढलेले, माल काही आला नाही. शेतकऱ्याचं म्हणणं, माझ्या अंगठ्याचा अर्थ फोटो मिळाला एवढाच. कोर्टाने 2023 मध्ये सांगितलं की या दोघांचे आधीचे करारही असेच "ओके" वगैरे एवढ्याशा उत्तरांवर झालेत आणि तेव्हा माल बिनबोभाट पोचलाय, त्यामुळे हा अंगठा म्हणजे होकारच, आणि भरपाई लावली सुमारे 82,000 कॅनडियन डॉलर. मी हे परचेसच्या मुलाला सांगितलं. तो हसला आणि त्याने हसणारा चेहरा पाठवला, ज्याचा अर्थ काय लावायचा ते कॅनडाच्या कोर्टाला विचारावं लागेल.

आपल्या कोर्टांचंही बघण्यासारखं आहे. मेलवर झालेला सौदा हा सौदाच, हे सुप्रीम कोर्टाने 2010 मध्येच सांगून टाकलंय, ट्रायमेक्स विरुद्ध वेदांता अशी ती केस, बॉक्साइटच्या पाच जहाजांचा सौदा 2007 मध्ये मेलवर ठरला, सही-शिक्क्याचा करार व्हायच्या आधीच गाडं अडलं, आणि कोर्ट म्हणालं की अटी मेलवर मान्य झाल्या तिथेच करार झाला, कागद नंतर व्हायचा होता म्हणून काही बिघडत नाही. व्हॉट्सॅपच्या बाबतीत मुंबई हायकोर्टाने 2018 मध्ये एका क्रेडिट कार्डच्या वसुलीच्या केसमध्ये व्हॉट्सॅपवर पाठवलेली नोटीस पोचली असं धरलं, का तर निळ्या टिका आल्या होत्या, म्हणजे मेसेज नुसता गेला नाही तर पीडीएफ उघडूनही बघितली. वा! पण म्हणून सगळ्याच नोटिसा व्हॉट्सॅपवर चालतात असं नाही, जानेवारी 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने पोलिसांना बजावलं की हजर राहायची नोटीस व्हॉट्सॅपवर पाठवून भागणार नाही, कायद्यात सांगितलंय तशीच बजावा.

पुरावा म्हणून कोर्टात द्यायचं तर अजून पुढची पायरी आहे. नुसता स्क्रीनशॉट प्रिंट करून नेला आणि झालं असं नसतं, सोबत सर्टिफिकेट लागतं. यावरची सगळ्यात गाजलेली केस आपल्या जालन्याची. 2014 च्या विधानसभेला उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या आत भरला का नंतर, हा वाद, आणि पुरावा काय तर निवडणूक अधिकाऱ्याच्या ऑफिसातल्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल. 2020 मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की मूळ यंत्र कोर्टात आणलं नसेल तर पुरावा कायद्याच्या कलम 65बीचं सर्टिफिकेट लागणारच. त्या केसमध्ये अधिकाऱ्यांकडे परत परत मागूनही ते मिळालं नव्हतं म्हणून तेवढी सूट दिली, ते वेगळं. आता 1 जुलै 2024 पासून पुराव्याचा नवीन कायदा लागलाय, 65बीच्या जागी कलम 63, आणि सर्टिफिकेटचे दोन भाग, एक आपण भरायचा, एक तज्ज्ञाने, आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइल बदललेली नाही हे ओळखायचा तिचा आकडा, लिहायची. आता सांगा, चार रुपयांच्या रेटसाठी कोण जाणार हे करायला. कोणी जात नाही. हे त्यांनाही माहीत आहे आणि आम्हालाही. तरी पण आपल्याकडे मेल आहे हे समोरच्याला माहीत असलं की बोलण्याचा सूर बदलतो, कोर्टापर्यंत जावंच लागत नाही, हा माझा अनुभव.

जिथे खरंच पैसे अडकतात ती गोष्ट म्हणजे पेमेंट. आमचं उद्यम रजिस्ट्रेशन आहे, म्हणजे छोटा उद्योग म्हणून सरकारकडे नोंद, आणि 2006 चा एमएसएमई कायदा सांगतो की करार असला तरी 45 दिवसांच्या वर पेमेंट लांबवता येत नाही, लेखी करारच नसेल तर 15 दिवस. उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढ. कागदावर काय सुंदर दिसतं! पूर्वी याला कोणी हिंग लावून विचारत नव्हतं. पण इन्कम टॅक्सचं कलम 43बी(एच) आलं, म्हणजे आमच्यासारख्याचं बिल मुदतीत नाही दिलं तर त्या कंपनीला तो खर्च त्या वर्षी इन्कम टॅक्समध्ये दाखवता येत नाही, आणि मार्च 2024 च्या आसपास एकदम सगळ्यांना आमची आठवण आली, "काइंडली शेअर युवर उद्यम सर्टिफिकेट ऑन अर्जंट बेसिस". हे मात्र मेलवर बरं का.

आता यात एक बारीक गोष्ट आहे जी बऱ्याच वेंडरना माहीतच नसते. माल पोचल्यापासून 15 दिवसांच्या आत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही तर माल स्वीकारला असं धरलं जातं आणि पेमेंटचे दिवस माल पोचला त्या तारखेपासून मोजायचे. लेखी हरकत! मग महिना उलटल्यावर येणारा तो व्हॉट्सॅपवरचा फोटो, "मॅडम यात बर दिसतोय" (बर म्हणजे कडेला राहिलेला धातूचा खरबरीत कंगोरा), हा काय आहे? आमच्याकडे असा फोटो आला की मी भांडत नाही, फक्त मेलवर उत्तर देते, की तुमचा अमुक तारखेचा व्हॉट्सॅप मिळाला, माल तमुक तारखेच्या चलानने आला, जीआरएन (माल मिळाल्याची तुमची नोंद) तमुक तारखेचा आहे. बाकी काही लिहीत नाही. तारखा एका खाली एक मांडल्या की पुरतं.

मेल म्हणजे फार थोर असंही नाही हां. आमच्यासारख्यांच्या मेलची काय अवस्था असते ते मला माहीत आहे, अर्ध्या भोसरीचा मेल आयडी अजून रेडिफमेलवर आहे, पासवर्ड तिघांना माहीत, त्यातला एक काम सोडून गेलेला अकाउंटंट. सब्जेक्टमध्ये "हाय" किंवा मोकळंच. चार वर्षांपूर्वीच्या कुठल्यातरी मेलला रिप्लाय करून आजची ऑर्डर. आणि इंग्रजीचं दडपण, नवऱ्याला मराठीत दोन मिनिटांत जे बोलता येतं ते मेलवर लिहायचं म्हटलं की तो "रिस्पेक्टेड सर" वरच अडकतो, म्हणूनच तो व्हॉइस नोट पाठवून मोकळा होतो, तीन-तीन मिनिटांच्या, मागे मशीनचा आवाज. तिकडच्या माणसालाही मराठीच येत असतं. मग मी आता सरळ मराठीत मेल करते, पार्ट नंबर आणि आकडे तेवढे इंग्रजीत. आजवर कोणी तक्रार केलेली नाही. सासरे सांगतात त्यांच्या वेळी फॅक्स होता, फॅक्स पाठवायचा आणि मिळाला का विचारायला फोन करायचा, आणि तो थर्मल पेपर काही दिवसांनी पांढरा पडायचा म्हणून आल्या आल्या झेरॉक्स काढून फाइलला लावायची. त्या फायली अजून आहेत माळ्यावर.

मेलवर भरवसा ठेवायचा तरी डोळे उघडे ठेवून. आमच्या बार स्टॉकवाल्याच्या, म्हणजे कच्च्या मालाच्या सळया देणाऱ्याच्या, नावाने मेल आला, आमचं बँक अकाउंट बदललंय, पुढचं पेमेंट नवीन अकाउंटला करा, खाली लोगो, सही, जीएसटी नंबर सगळं बरोबर. फक्त मेल आयडीत इंग्रजी एमच्या जागी आर आणि एन शेजारी शेजारी, लहान अक्षरात ते एमच दिसतं. आमचा पार्ट टाइम अकाउंटंट म्हातारा माणूस, त्याला ते दिसलंच नाही, पण त्याची सवय अशी की अकाउंट बदललं म्हटलं की तो त्याच्या वहीतल्या जुन्या नंबरवर फोन करतो, मेलमध्ये दिलेल्या नाही. वाचलो. व्हॉट्सॅपवरही तोच खेळ चालतो, फक्त तिथे डीपी चोरतात. पुण्यातल्या सीरम इन्स्टिट्यूटसारख्या कंपनीचे 2022 मध्ये असेच एक कोटीच्या वर गेले, अदर पूनावालांच्या नावाने एका डायरेक्टरला व्हॉट्सॅप आला की या अकाउंटना पैसे पाठवा, आणि पैसे गेले. साहेबाचा मेसेज आला की उलटा फोन करून विचारायची सोय आपल्या ऑफिसांत नसते, विचारलं तर साहेब म्हणणार मेसेज वाचता येत नाही का. पैसे गेलेच तर लगेच 1930 ला फोन लावा, जितका उशीर तितके ते पैसे पुढे सरकतात.

एसएमएसचं काय, तो आता फक्त ओटीपीपुरता उरलाय. आणि जीएसटीचा ओटीपी जातो नवऱ्याच्या मोबाइलवर, नवरा मशीनवर, हात कोपरापर्यंत कूलंटने भरलेले, मी ऑफिसातनं ओरडते आणि तो नाकाने स्क्रीन उघडायचा प्रयत्न करतो. 2025 पासून कंपन्यांच्या एसएमएसच्या नावापुढे एक अक्षर लागतं, पी म्हणजे जाहिरात, एस म्हणजे सर्व्हिस, टी म्हणजे व्यवहार, जी म्हणजे सरकारी. चांगलं केलं. व्हॉट्सॅप ग्रुपलाही असं अक्षर लावता आलं असतं तर बरं झालं असतं.

सध्या मी काय करते, तर फोनवर किंवा व्हॉट्सॅपवर काही ठरलं की त्याच दिवशी दोन ओळींचा मेल. "आज आपल्याशी बोलणं झालं त्याप्रमाणे 200 नग पीओशिवाय चलानवर पाठवत आहोत, पीओ शुक्रवारपर्यंत मिळेल असं ठरलं, काही वेगळं असल्यास आजच कळवावे." एवढंच. सुरुवातीला परचेसवाल्याचा फोन यायचा, मॅडम एवढं मेल कशाला करता, आपलं काय असं आहे का. मी म्हणायचे नाही हो, आमच्या आयएसओला लागतं. आयएसओचं नाव घेतलं की कोणी पुढे बोलत नाही. आणि महिन्याला एकदा त्या वेंडर ग्रुपचं चॅट एक्स्पोर्ट करून ऑफिसच्या मेलवर टाकून ठेवते. त्यातही गंमत अशी की फोटोंसकट एक्स्पोर्ट करायचं तर शेवटचे 10,000 मेसेजच येतात, आणि आमच्या ग्रुपात डिस्पॅचच्या मेसेजपेक्षा गुलाबाची फुलं आणि शुभ सकाळ जास्त. ॲडमिनला दोनदा सांगून बघितलं. आता त्याला मेल करणार आहे, सीसीत त्याचा साहेब.